याकोबकाकांची मोजणी

आमच्या आळीत दूध घालणाऱ्या गवळ्याला रोज सकाळी एका दारात स्वतःचंच दूध प्यावं लागतं. ते दार याकोबकाका साळव्यांचं. काका पातेलं पुढे करण्याआधी पितळी पेला पुढे करतात. गवळी दोन घोट घेतो, काका त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहतात, आणि मगच माप पातेल्यात रिकामं होतं. सात-आठ वर्षं हे असंच चाललंय. "बाई, माझी म्हस मला ओळखते, पण काका नाय ओळखत," असं तो गवळी एकदा मला म्हणाला. मी ते काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हस ओळखते ह्याला पुरावा काय?"

काका भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. चौतीस वर्षं कातळावरून, बागांतून, भातखाचरांतून साखळी ओढत हिंडले. बांधाचे दगड कोणी, कधी आणि किती सरकवले हे शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला माणसं कशी दिसत असतील याची कल्पना करा. समोरचा हसला, तरी काकांना वाटतं, हा मागच्या खेपेला इथवर हसत नव्हता, थोडा पुढे आलेला दिसतो.

"मूळ कागद काय म्हणतो?" हे त्यांचं पेटंट वाक्य. आंब्याच्या पेटीवर 'पावस' असं गावाचं नाव लिहिलेलं असलं की ते विक्रेत्याला विचारणार, पावसला कुठली बाग, मालक कोण, कलम कधीचं. मी त्यांना एकदा आमच्याकडचं फणसाचं लोणचं दिलं आणि माझ्या आईची कृती आहे असं म्हटलं, तर म्हणाले, "आईला कोणी सांगितली?" मी म्हटलं, आजीने. "आजी हयात आहे?" नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि बरणी घेतली, पण एखादा दावा मुदतीबाहेर गेल्यासारखा चेहरा करून.

पण त्यांचा संशय सगळ्यांना सारखा लागू होतो, स्वतःलासुद्धा. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने आमच्या तीन घरांची हद्द मोजली. माझं, त्यांचं, आणि त्यांच्या पलीकडे हमीदभाईंचं. हमीदभाई वीस वर्षं कतारला बोटीच्या गोदीत काम करून आता घरी पडवीत बसलेले असतात. मोजणीत निघालं, की काका आणि हमीदभाई यांच्यामधला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, नऊ इंच हमीदभाईंच्या जागेत सरकलेला आहे. काकांच्या वडिलांच्या काळापासून. कोणी तक्रार केलेली नव्हती, कोणाला माहीतही नव्हतं. काकांनी दोन गडी लावून गडगा पाडला आणि नऊ इंच मागे घेऊन पुन्हा रचला.

हमीदभाई पडवीतून ओरडत होते, "अवो, नऊ इंचात मी काय करू? माडसुद्धा लागायचा नाय."

"माड नाही लागत," काका म्हणाले, "पण पाप मावतं."

मी इथल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते. त्यामुळे काका मला जरा तरी विश्वासाच्या यादीत धरतात. म्हणजे एकच प्रश्न पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा विचारतात आणि दोन्ही उत्तरं जुळली की पुढे बोलतात. मोजणीत दोन वाचनं घ्यायची पद्धत असते म्हणे.

काकांच्या घरात आणखी एक माणूस आहे. त्यांची धाकटी बहीण रूथ. आम्ही तिला रूथमावशी म्हणतो. वय साठीच्या आसपास, पण लहानपणीच्या तापानंतर तिची समज आठ-नऊ वर्षांच्या मुलीएवढी राहिली. काकांनी लग्न केलं नाही, त्याचं कारण कोणी विचारत नाही. रूथमावशी नीटनेटकी असते, तेल लावून घट्ट वेणी, स्वच्छ साडी. शनिवारी चर्चमधली बाकं पुसायचं काम तिचं, आणि ते ती दुसऱ्या कोणाला करू देत नाही. एरवी सकाळ-संध्याकाळ फाटकात उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला "कुठं चाललास? कधी येशील?" विचारते. शाळेतून यायला मला उशीर झाला, तर आळीत पहिली चौकशी तिची.

गेल्या वर्षी थंडीत काकांच्या चर्चच्या मंडळीत तीन दिवसांची सभा झाली. मुंबईहून प्रवचनाला एक तरुण ब्रदर आले होते. सभा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात. हातात वही.

"बाई, तुम्ही इतिहासवाल्या. एखादी गोष्ट नेमकी कधी सुरू झाली हे कसं काढतात?"

"कसली गोष्ट?"

"शिकवण. ब्रदरांनी पडद्यावर काळाचा नकाशा दाखवला. रंगीत पट्ट्या. म्हणे एक दिवस अचानक सगळे खरे विश्वासी वर उचलले जाणार. जेवत असला तर ताट तसंच, गाडी चालवत असला तर गाडी तशीच. मागे राहणाऱ्यांवर सात वर्षं मोठं संकट. आणि मग प्रभू उघडपणे येणार."

"म्हणजे दोनदा येणार?"

"तेच मी उठून विचारलं. एक फेरी गुपचूप आणि एक उघड. बाई, मला आजोबांनी शिकवलं ते एवढंच, की प्रभू येणार आणि न्याय करणार. एकदा. ही जादा गाडी कधी सुरू झाली ते मला बघायचंय."

"ब्रदर काय म्हणाले?"

"म्हणाले, काका, शंका घेणं हे अविश्वासाचं लक्षण." काकांनी वही उघडली. "मी तेही लिहून ठेवलंय."

तिथून त्यांचा शोध सुरू झाला. मी पहिल्यांदा मोबाईलवर शोधून दाखवायला गेले, तर त्यांनी चष्मा काढला. "ह्याला कोणी सांगितलं?" म्हणाले. मग त्यांच्या वयस्कर पाळकसाहेबांकडून किल्ली घेऊन आम्ही चर्चचं जुनं कपाट उघडलं. वाळवीने अर्ध्याहून जास्त खाल्लेलं. त्यातून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी प्रवचनांच्या हस्तलिखित वह्या निघाल्या. काका त्या भिंग घेऊन दोन महिने वाचत होते. प्रभूचं येणं होतं, न्याय होता, मेलेल्यांचं उठणं होतं. पण गुपचूप फेरी कुठे नव्हती.

"वाळवीने तेवढंच पान खाल्लं असेल," मी म्हटलं.

मी हे थट्टेत म्हटलं होतं. काकांनी वहीत लिहून घेतलं, 'वाळवीची शक्यता', आणि खाली रेघ ओढली.

पुण्याला एक निवृत्त गृहस्थ आहेत, पाळकांना धर्मशास्त्र शिकवायचे. पाळकसाहेबांनी त्यांचा पत्ता दिला. काकांनी त्यांना सात पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं ते अकरा पानी. काकांनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "हा माणूस खरा दिसतो."

"कशावरून?"

"तीन ठिकाणी लिहिलंय, 'मला माहीत नाही'."

त्या पत्राचा सारांश असा, की प्रभू येणार हा विश्वास पहिल्यापासूनचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण विश्वासी लोक संकटाच्या आधी गुपचूप उचलले जातील, ही मांडणी आज जशी सांगतात तशी जेमतेम दोनशे वर्षांची. इंग्लंड-आयर्लंडकडे सरकारी चर्च सोडून बाहेर पडलेल्या काही मंडळींनी ती बांधली. तिथून ती अमेरिकेला गेली, आणि तिथे कोणीतरी बायबलच्याच पानावर, ओळींच्या खाली, तळटिपा म्हणून छापली. काकांनी इथे वाचन थांबवलं.

"बघा, इथे दगड सरकला," ते म्हणाले. "तळटीप ओळीच्या इतकी जवळ छापली की वाचणाऱ्याला हद्द दिसेना. पुढच्या पिढीने तळटीप हीच मूळ नोंद धरली."

पत्रात आणखी एक गोष्ट होती. काही लोक म्हणतात, ही कल्पना मुळात स्कॉटलंडातल्या एका आजारी मुलीला झालेल्या दर्शनातून आली. मला वाटलं, काका आता खूश होतील. एका तापातल्या मुलीचं स्वप्न, प्रकरण मिटलं. पण त्यांनी त्या परिच्छेदावर फुली मारली.

"हे मी धरणार नाही."

"का? तुमच्या बाजूचं आहे."

"म्हणूनच. हे ज्यांना ती शिकवण नको होती त्यांनी सांगितलंय. पुण्याचे गृहस्थसुद्धा म्हणतात पुरावा कच्चा आहे. आणि बाई, तापातली मुलगी म्हटली की लगेच खोटी धरायची, हे मला पटत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी खाली बघून म्हटलं. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी त्यांना एक शंका काढून दिली, शिक्षिकेच्या सवयीने. "काका, दोनशे वर्षांपूर्वीची आहे म्हणून चुकीची, असं होत नाही. उशिरा लक्षात आलेली गोष्टही खरी असू शकते. उगम वेगळा, खरेखोटेपणा वेगळा."

त्यांनी वहीची दोन पानं मागे उलटली. मग म्हणाले, "होय. नोंद उशिरा झाली म्हणून जमीन नव्हतीच असं नाही." आणि चेहरा इतका पडला, की मी उगाच बोलले असं वाटलं. एखादा माणूस नुसत्या वादात हरला तर असा चेहरा होत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला शंका आली, की ह्यांचं काहीतरी दुसरंच चाललंय.

पावसाळा सरता सरता ती शंका वाढली. रूथमावशी फाटकात दिसेनाशी झाली. शनिवारी बाकं पुसायला जाते, पण काका सोबत असतात, एरवी घराबाहेर पडत नाही. काका मासळी आणायला बाजारात जायचे, तेही बंद झालं. मासेवाली दारात येऊ लागली आणि काका उंबऱ्यातूनच हात लांब करून मासे घ्यायचे. मी विचारलं, "मावशीची तब्येत बरी नाही का?" तर "बरी आहे" एवढं म्हणून त्यांनी दार लोटलं. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना कागद मागितले, त्याने एका वाक्यात दार लावलं.

हमीदभाईंनी मला पडवीत बोलावलं. "बाई, मामला बराबर नाय."

"काय झालं?"

"काल कोर्टाच्या आवारात त्यांना बघितला. दस्त लिहिणाऱ्याकडे बसलेले, बहिणीला खेटून बसवून. माझा काम होता म्हणून मी मागे उभा. कानावर आला तो शब्द सांगू? हक्कसोडपत्र."

आपल्याकडे हा शब्द सगळ्यांना कळतो. बाप गेला की भाऊ बहिणीला घरी बोलावतो, जेवायला घालतो, साडी देतो, आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. बहीण लिहून देते, भाऊ लिहून घेतो. काकांचं घर आणि मागची आंब्याची दहा-बारा कलमं दोघा भावंडांच्या नावावर आहेत, हे आळीला माहीत होतं.

"काका असं करायचे नाहीत," मी म्हटलं. "त्यांनी तुम्हाला नऊ इंच परत दिलेत."

"शेजाऱ्याला देणारा बहिणीला देईल असा नाय, बाई. मी दुनिया बघितलेय."

मी घरी आले, पण डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी, कपडे काढायला मागच्या अंगणात गेले, तेव्हा काकांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. काका चुलीपाशी उभे होते. रूथमावशी त्यांच्या मागे पाटावर बसलेली. तिच्या मनगटाला एक पिवळी पट्टी गुंडाळलेली होती. ती मोजणीची कापडी फीत होती. तिचं दुसरं टोक काकांच्या कमरेला बांधलेलं होतं. काका मिठाचा डबा घ्यायला दोन पावलं सरकले, तर फीत ताणली गेली आणि मावशी उठून त्यांच्या मागे गेली.

मी कपडे तसेच टाकले आणि हमीदभाईंकडे गेले. ऐकून त्यांनी लगेच चपला घातल्या.

काकांनी दार उघडलं. फीत कमरेलाच होती, त्यांनी ती लपवली नाही. मागे मावशी.

"काका, हे काय आहे?" मी विचारलं. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला होता. "तुम्ही मावशीला बांधून ठेवता?"

काका माझ्याकडे बघत राहिले. रागावले होते असं नाही. उलटतपासणीत नेमका प्रश्न आला की साक्षीदार जसा थोडा थांबतो, तसे थांबले. उत्तर मावशीने दिलं.

"दादान नाय बांधलान. मी बांधलंय." तिने मनगट वर करून दाखवलं. "दादा वर गेला तर मी पण जाणार. नायतर तो वर जायचाच नाय. मी जड हाय."

हमीदभाई खाली बसले, उंबऱ्यावरच.

काका म्हणाले, "या आत." आणि मग सगळं सांगितलं, हळूहळू, एकेक तपशील तपासून.

सभेच्या तिसऱ्या दिवशी ब्रदरांनी पडद्यावर चित्र दाखवलं होतं. दोन बाया जात्यावर दळत बसलेल्या. पुढच्या चित्रात एकच बाई आणि समोर रिकामी साडी. ब्रदरांनी विचारलं, आज रात्री उचलले गेलात तर कोण कोण तयार आहे, हात वर करा. सगळ्यांनी केले, काकांनीही केला. मावशीने केला नाही. ती उठून उभी राहिली आणि तिने विचारलं, "दादा जाणार. आणि मी?" ब्रदर वाईट माणूस नव्हते, काका पुन्हापुन्हा म्हणाले. ते हसून म्हणाले, ताई, बारा वर्षांच्या आतली मुलं आपोआप जातील, पण मोठ्यांनी स्वतः समजून विश्वास ठेवायला हवा.

"तिने घरी येऊन मला विचारलं, दादा, मी बारा वर्षांची आहे का? मी खोटं कसं सांगू?"

सुरुवातीला ती दर थोड्या वेळाने हाक मारायची. काका आंघोळीला गेले तर दाराबाहेर. मग एक दिवस तिने पेटीतून फीत काढली. तेव्हापासून काकांनी हरकत घेतली नाही. आंघोळीपुरती फीत दाराच्या खालून आत जायची.

"मी शोध घेतला तो ह्यासाठी," काका म्हणाले. "मला वाटलं, ही शिकवण नवी आहे हे सिद्ध झालं की तिला सांगता येईल. मग तुम्ही म्हणालात, नवं म्हणजे खोटं नव्हे. बरोबर म्हणालात. म्हणून मी बायबलातल्या मूळ ओळींकडे गेलो. ते 'एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल' आहे ना, त्याच्या आधी नोहाच्या पुराचं बोलणं आहे. पुरात नेलं कोणाला? बुडणाऱ्यांना. राहिला तो नावेतला नोहा. म्हणजे राहणं वाईट कसं? हे मी तिला सांगितलं."

"मग?"

"मला पोहता येत नाय," मावशी म्हणाली.

हमीदभाई इतका वेळ जमिनीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "काका, आमच्यातसुद्धा ईसा, म्हणजे तुमचा येशू, येणार हाय म्हणतात. तुमच्या कागदात नेमका काय लिहिलाय? वर जायचा तो कशाला?"

"त्याला सामोरं जायला. ढगांत."

"सामोरा जायचा म्हणजे आणायला जायचा ना?" हमीदभाई म्हणाले. "मी कतारहून सुट्टीवर यायचा, तेव्हा घरातली सगळी जीप करून मुंबईला विमानतळावर यायची. बायको, पोरा, माझा सासरा पण. मला हार घालायची. मग काय माझ्याबरोबर विमानात बसून कतारला जायची? मला घेऊन घरी यायची. आणायला जातो तो परत घरीच येतो."

काका उभे राहिले. फितीबरोबर मावशीही उठली. त्यांनी फळीवरून वही काढली, पान उघडलं आणि म्हणाले, "पुन्हा सांगा."

हमीदभाईंनी पुन्हा सांगितलं. काकांनी शब्द न् शब्द उतरून घेतला, जीप आणि सासऱ्यासकट. "शिमग्याला पालखीला गाव वेशीवर सामोरं जातं," ते लिहिता लिहिता म्हणाले, "आणि पालखी गावात आणतं. गाव पालखीबरोबर निघून जात नाही. पुण्याच्या पत्रात आठव्या पानावर 'सामोरं' ह्या शब्दाबद्दल काहीतरी होतं, मला तेव्हा उमगलं नाही." त्यांचे कान लाल झाले होते. त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

मावशी ऐकत होती. "सगळी घरी?" तिने हमीदभाईंना विचारलं.

"सगळी घरी."

"पण ब्रदरनी सांगितलान," ती म्हणाली, आणि फितीची गाठ दुसऱ्या हाताने घट्ट धरली.

ती काकांकडे बघत होती. तिला उत्तर आमच्याकडून नको होतं, त्यांच्याकडून हवं होतं. मी म्हटलं, "काका, सांगून टाका ना तिला, असं काही होणार नाही म्हणून. तुम्हाला खात्री पटली आहे."

"नव्याण्णव टक्के," काका म्हणाले.

"मग?"

"बाई, मी आयुष्यात कधी कुठल्याही हद्दीवर शंभर टक्के असा शेरा मारलेला नाही. जो मारतो त्याच्याकडे नीट बघावं. तिला मी खोटं बोललो तर तिला कळतं. बाकी काही कळत नसेल, हे कळतं." त्यांनी चष्मा काढला. "तो एक टक्का उरतो. त्याची व्यवस्था केली पाहिजे, म्हणून कोर्टात गेलो होतो. तुम्ही दोघं आलात ते बरं झालं. मला साक्षीदार हवेच होते."

त्यांनी वहीतून एक घडी केलेला हिरवा कागद काढला, दस्ताला वापरतात तसला. सुंदर, टपोऱ्या अक्षरात लिहिलेला. हमीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. काकांनी चष्मा लावला आणि वाचू लागले, खात्यातल्या आवाजात.

हक्कसोडपत्र. लिहून घेणार, रूथ, राहणार रत्नागिरी. लिहून देणार, याकोब, सदर रूथ हिचा सख्खा भाऊ. कारणे हक्कसोडपत्र लिहून देतो की, मिळकतीचे वर्णन, मौजे आकाश, तालुका नमूद नाही, चतुःसीमा अज्ञात. सदर मिळकतीत संकटापूर्वी उचलले जाण्याचा जो काही हक्क मला असेल, अगर पुढे सिद्ध होईल, तो मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कायमचा सोडीत आहे. लिहून घेणार हिला नेले तरच मी जाईन. तिला ठेवले तर मीही राहीन. याविरुद्ध माझी वा माझ्या वारसांची कोणतीही तक्रार चालणार नाही.

मी त्या कागदाकडे बघत होते. बहिणींनी भावांना लिहून दिलेले किती कागद काकांनी नोकरीत हाताळले असतील.

"दस्त लिहिणारा काय म्हणाला?" हमीदभाईंनी विचारलं.

"म्हणाला, ह्याची नोंदणी होणार नाही. त्याने लिहायला नकार दिला. मग मीच लिहिलं." काकांनी पेन माझ्यापुढे केलं. "नीट वाचून सही करा. घाई नको."

मी वाचलं आणि सही केली. हमीदभाईंनी केली. काकांनी सर्वांत शेवटी केली, तारीख घालून, आणि कागद मावशीच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही फारसं, पण नावं ओळखते. तिने 'याकोब' वर बोट ठेवलं, 'रूथ' वर ठेवलं.

"म्हणजे तू राहणार?"

"राहणार."

"माझ्याबरोबर."

"तसं लिहून दिलंय."

तिने कागदाची घडी केली, ब्लाऊजमध्ये ठेवली, आणि दातांनी गाठ सोडवू लागली. गाठ फार दिवसांची होती, वेळ लागला. कोणी मदत केली नाही, तिने करू दिली नसती.

ह्या वर्षीच्या सभेला तेच ब्रदर पुन्हा आले. काका वही घेऊन गेले होते, पण उठले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "त्यांचीही नव्याण्णव टक्के खात्री असेल. त्यांच्या एका टक्क्याचं ते बघतील."

त्या कागदावर सह्या झाल्या त्या दुपारनंतर दोन दिवसांनीची गोष्ट. सकाळी मी शाळेत निघाले होते. काका पिशवी घेऊन मासळी बाजाराला निघाले होते, कित्येक महिन्यांनी एकटे. रूथमावशी फाटकात उभी राहून म्हणाली, "बांगडे आण. कधी येशील?" काका म्हणाले, अर्ध्या तासात. ती थोडा वेळ थांबली, मग रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही असं बघून आत निघून गेली, गुणगुणत. काका वळणापर्यंत जाताना तीन वेळा मागे वळून रिकाम्या फाटकाकडे बघत होते.